किरकोळमध्ये नको

केमियार्वीहून तावेत्तीनं ड्रायव्हर पाठवला,
सातशे बारा ओळी, टॅब जिथल्या तिथे,
आणि वर एकच प्रश्न: हा ठेवू कुठे?

यंत्र मुठीएवढं. बर्फाखाली सोडायचं.
ते आवाज करतं, आवाज परत येईतो थांबतं
आणि सांगतं तळ्यावर आज किती बोटं बर्फ,
स्नोमोबाईल जाईल की चालणाराही बुडेल.
शिवाय पाण्याचं तापमान सांगतं.
शिवाय आपण गोठू नये म्हणून
अधूनमधून स्वतःलाच शेकतं.

तापमानाचा फोल्डर माझा.
ओउलूत तिसऱ्या मजल्यावर बसून
अकरा वर्षं मी त्याचं दार राखते.
मी लिहिलं: इथे पंखे आणि प्रोसेसर राहतात,
आपल्याच यंत्राला ताप आलाय का बघणारे.
तुझं यंत्र परक्याची नाडी बघतं. पुढचं दार.
पुढच्या दारात बार्नाबाश, देब्रेत्सेनचा.
तो म्हणाला, मोजतं ते ठीक,
पण हीटर? हीटर मी घेत नाही.
आवाजाच्या फोल्डरनं तर उत्तरच दिलं नाही.
सहा आठवडे ड्रायव्हर उंबऱ्यावर,
घरचा ना दारचा.

मग कुणीतरी म्हणालं,
टाका ना किरकोळमध्ये.

किरकोळ मला ठाऊक आहे.
तिथे गेलेलं कुणी शोधत नाही,
झाडलोट निघाली की सापडतं,
आणि सापडलं की सगळे विचारतात, हे कुणाचं?

त्या शनिवारी हाउकिपुदासला, आईकडे,
सौना आणि ओव्हन एकदम लावले नि फ्यूज उडाला.
आई फ्यूज ठेवते मेणबत्त्यांच्या खणात.
पक्कड, वायर, टेस्टर सगळं शेडमध्ये,
फ्यूज तेवढे इथे.
तीस वर्षं मी सांगतेय, आई, चुकीचा खण.
तिनं काळोखात खण ओढला,
एका हाताला काडेपेटी लागली, दुसऱ्याला फ्यूज.
मला म्हणाली, तू नुसती उभी राहू नकोस.

सोमवारी मी बार्नाबाशला लिहिलं:
हे कशाकशाचं बनलंय ते राहू दे.
फेब्रुवारीत पहाटे तीनला आकडा चुकला
तर काठावरचा माणूस कोणाचं दार वाजवेल?
तो म्हणेल, मोजणारं बिघडलं.
हीटर म्हणजे त्याचे हातमोजे.
हातमोजे घालतो म्हणून डॉक्टरला
कुणी कपड्यांच्या दुकानात बसवत नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं:
हसलो. पटलं नाही. घेतो.

आर्द्रता आणि उजेड यांच्या मधे
त्याची एक ओळ बसली,
आणि अडचण आल्यास विचारावं अशांच्या यादीत
तावेत्तीचं नाव.

चार वर्षं झाली.
तावेत्तीला पाठवलेली पत्रं आता परत येतात,
इनारीकडे तो सौनाच्या भट्ट्या बसवतो म्हणे.
यादीत त्याच्या जागी माझं नाव आहे,
ते कधी घातलं मला आठवत नाही.

काल फुंशालच्या आयोलांडानं
अंतर मोजणाऱ्यांसाठी नवा फोल्डर काढला
आणि पहिला उचलला तो हाच.
विचारलंही नीट: तुमची हरकत?
मी बराच वेळ हरकत शोधली.
मग संमती दिली आणि नोंद उघडून बघितली.
जुना पत्ता, खाली नवा पत्ता,
ओळी बदलल्या: शून्य.
साम्य: शंभर टक्के.