उलटा पडलेला एन

डर्बीतल्या त्या छापखान्यात
माझं काम मोठ्यानं वाचायचं.
हस्तलिखित माझ्या हातात, प्रूफ मिस्टर ग्रॅटनच्या पुढ्यात;
स्वल्पविरामसुद्धा बोलून दाखवायचा.
कोशाचं चौथं वर्ष, अक्षर एस.
पलीकडे खिडकीशी उभा राहून
माझा बाप, जाबेझ ऑलसॉप, खिळे जुळवायचा.

त्या दिवशी शब्द आला : सॅटर्नाइन, विशेषण.
शनीच्या अमलाखाली जन्मलेला, स्वल्पविराम,
म्हणून उदास, स्वल्पविराम, जड, स्वल्पविराम, अबोल, पूर्णविराम.
चारचौघांनी माना वळवून बापाकडे पाहिलं.
कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

आई सांगायची, हा माणूस जन्मला वसंतात, मंगळवारी,
आणि लग्नात असा गायला चॅपलमध्ये
की बाकांवरची धूळ उठली.
कुठला शनी न् कुठलं काय.

मी पुढे वाचलं. दोन.
जुने किमयागार एकेका ग्रहाला
एकेक धातू वाटून द्यायचे,
सोनं सूर्याला, चांदी चंद्राला,
शनीच्या पदरात शिसं.
म्हणून : शिशाचा, शिशासंबंधी,
शिशाच्या विषानं झालेला
इथे माझा आवाज अडकला.
"पूर्णविराम आहे का?" ग्रॅटननं विचारलं.
होता.

शिसं.
पणजोबानं विर्क्सवर्थच्या डोंगरातून रांगत काढलेलं,
बापानं तीस वर्षं चिमटीत धरलेलं,
तीच बोटं जिभेला लावून पानं उलटलेली,
त्याच हातांनी खाल्लेला चरबी लावलेला पाव.
त्याच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ होती,
शिसपेन्सिलीनं आखावी तशी.
आम्हाला वाटायचं, तंबाखू.

ग्रॅटननं भिंग खाली ठेवलं.
"सॅटर्नाइनमधला दुसरा एन उलटा पडलाय."
एन उलटा पडला की यू दिसतो; उमेदवार पोराची चूक.
तीस वर्षांत जाबेझ ऑलसॉपचा
एक खिळा उलटा पडला नव्हता.
बाप आला. चिमट्याकडे हात नेला.
मनगट वर येईना.
ओल्या मोज्यासारखा पंजा लोंबत राहिला,
आणि तो त्याच्याकडे असा बघत होता
जसा भलत्याच खणात सापडलेल्या खिळ्याकडे बघायचा.

चिमटा मी घेतला.
केवढासा खिळा, त्याला वजन असं नव्हतंच.
फिरवून बसवला.

तेव्हा दिसलं, त्याच स्तंभात दोन बोटं वर
सॅटर्नेलिया : रोमचा सण, ह्याच शनीचा.
मालकांनी गुलामांना वाढायचं,
मेणबत्त्या, फासे, गाणी.
दोन शब्दांच्या मधे एक बारीक पट्टी.
तीही शिशाचीच.

बापानं टोपी घातली. जिन्यापाशी थांबला.
"पुढचा शब्द कुठला गं?"
मी पाहून सांगितलं, "सॅटर. बोकडाच्या पायांचा,
दारुडा, बायकांच्या मागे नाचणारा."
"हा तर तुझा मामा," तो म्हणाला,
आणि खोकला येईपर्यंत हसला.

मग जिना उतरला,
डाव्या हातानं उजवा हात धरून.