राखाडी रकाने

ओब्निन्स्क, फेब्रुवारी. प्रोत्वा नदी गोठून दगड झालेली
आणि तळघरात आम्ही पाणी उकळत होतो,
शंभर ॲटमॉस्फियर दाबाखाली,
करंगळीही जाणार नाही अशा नळीतून.

रिम्मा अर्काद्येव्हना वीज वाढवायची
सूपात मीठ घालावं तशी, चिमटीनं.
एक पायरी. थांबायचं. काट्याकडे बघायचं.
आणखी एक.

बुडबुडे भिंतीवर जन्मतात, सुटतात,
जन्मणं-सुटणं यांचा हिशेब जुळतोय
तोवर कशाचीच भीती नाही.
मग कुठेतरी सुटायचं राहून जातं.
आतल्या अंगानं वाफेची साय धरते
आणि भरल्या नळीत
धातू कोरडा पडतो.
पाणी असतं. शेजारूनच वाहत असतं.
शिवत नाही, इतकंच.

मी नवा होतो. रात्रभर जागून सूत्र मांडलं होतं,
उत्तर तीन पूर्णांक एक,
खाली दोन रेघा मारलेल्या.
ती म्हणाली, ग्लेब, सूत्राला चटका बसलेला
मी अजून पाहिला नाही.

दोन पूर्णांक सहाला आलेखाचं पेन उसळलं,
कागद सोडून गेलं.
तिचा हात खटक्यावरच होता, तरी उशीर झाला,
एका शिंकेएवढा.
पोलादी पडद्याच्या भोकातून दिसलं:
नळी चेरीसारखी लाल, लगेच पांढरी,
मग शिट्टी, मग नुसतीच वाफ.

वहीत तिनं लिहिलं, नळी एकेचाळीस, २.६, जळाली.
आणि चहा टाकला.

आता तक्ता आहे. दाब, प्रवाह, वाफेचा अंश;
कोणीही बसल्या जागी बोट ठेवतो
आणि कुठे थांबायचं ते सांगतो.
काही रकाने राखाडी आहेत.
तिथे कुणीच नळी जाळलेली नाही,
शेजारपाजारच्या आकड्यांना विचारून भरलेत.
आमचा २.६ शोधला. नाही सापडला.
इतरांत मिसळून, घासून गुळगुळीत होऊन
तो २.७४ झालाय.
बरोबरच आहे बहुधा.

निवृत्तीनंतर तिच्याकडे जायचो कधीमधी,
चौथा मजला, लिफ्ट बंद.
किटली ती नेमकी वेळेवर उतरवायची, न बघता,
स्वयंपाकघराकडे पाठ करून बोलत असताना.
कसं कळतं, विचारलं.

गुणगुण थांबते, म्हणाली.
उकळी फुटायच्या जरासं आधी
पाणी गप्प होतं.
त्या दिवशी नळीही झाली होती.
तू कागदात बघत होतास.