आखडता हात

प्तुयच्या अग्निशामक केंद्रात, बंबाच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी सहा ते आठ
आम्ही नऊजण पेन्सिल धरायला शिकतो.
सगळ्यांत लहान आहे तो एकोणपन्नास वर्षांचा.

पहिल्या दिवशी मी जग काढला.
म्हणजे दुधाचा जग, निळ्या काठाचा;
बाकीचं जग अजून लांब होतं.
तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी निखारा
आणि मानेत खिळा.
मला वाटलं, चाललंय ते बरोबरच चाललंय.
दुखल्याशिवाय शिकणं कसलं?

एकतीस वर्षं करखात्यात शिक्के मारले मी.
'मान मोडून काम केलं यांनी,'
निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले,
टाळ्या वाजल्या, केक कापला.
मान कुणी तपासली नाही.

द्रागित्साबाई पूर्वी नाटकांचे पडदे रंगवायच्या,
हातभर काठीला बांधलेल्या ब्रशने.
त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.
जगाकडे पाहिलंच नाही त्यांनी.
पाहिलं माझ्या अंगठ्याच्या नखाकडे,
दाबून दाबून पांढरं पडलेल्या.
'नेझका, पेन्सिल पळून जाणार आहे का?'

'बसचं तिकीट धरतेस ना, तशी धर.
पडू नये एवढंच.
आणि रेघ मनगटातून काढू नकोस,
खांद्यातून येऊ दे.'

'खांदा?' विंको म्हणाला. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस,
खुर्चीत उशी घेऊन बसतो.
'खांदा यंदा तिघांना दिला.'
खोलीत कुणी काही बोललं नाही.
खाली बंबाची नळी कुणीतरी गुंडाळत होतं.
मग विंको उठला, पुठ्ठ्यावर वर्तुळ काढलं
अख्खा हात फिरवून, सलगमसारखं फुगलेलं,
आणि म्हणाला, 'हा चौथा.
हा बरा, हलका आहे.'

घरी टेबल बुटकं. वाकलं की खिळा पुन्हा जागच्या जागी.
शेवटी इस्त्रीचं टेबल काढलं,
छातीइतकं उंच केलं,
त्यावर पाव कापायची फळी, फळीमागे पिठाचा डबा.
कागदाला उतार, मला उभं राहायला जागा.
कापडावर जुना चटका आहे इस्त्रीचा, होडीच्या आकाराचा.
तोही काढून पाहिला एकदा.

आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ, टोमॅटोसारखं,
वीस मिनिटांनी ठणाणा करणारं.
बाईंची ताकीद: घंटा झाली की पेन्सिल खाली,
बोटं मोकळी, नजर लांब.
पहिल्यांदा संतापले मी.
आत्ता कुठे जगाचा कान जमत होता!
ऑफिसात घंटा आवडायची.
इथे ती चोरासारखी वाटली.

नजर लांब म्हणजे खिडकीबाहेर.
द्रावेवर धुकं, त्याच्या अलीकडे श्टेफकाचं अंगण.
श्टेफका चादरी वाळत घालत होती.
वीस वर्षं समोर राहते,
आणि मला आज दिसलं
तिचा डावा हात खांद्याच्या वर जातच नाही.
चादरीचं टोक ती दोरीवरून भिरकावते
आणि पलीकडे जाऊन उजव्या हाताने ओढते.
दर चादरीला दोन फेऱ्या.
कधीपासून?
मी समोरच तर होते,
मान मोडून.

जगाच्या कागदावरच, कोपऱ्यात,
मी तो हात काढला. अर्ध्यावर थांबणारा.
विचार केला नाही, दात-ओठ खाल्ले नाहीत,
पेन्सिल कागदाला जेमतेम टेकली होती.

गुरुवारी बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.
'इथे तू दाबलं नाहीस.'
दुसरं काही म्हणाल्या नाहीत. पुढे गेल्या.

माझ्या हाताला वळण लावलं होतं शिक्क्याने;
ते सुटायला वेळ लागेल.
काही सकाळी अंगठा अजून ठणकतो.
त्या दिवशी काढत नाही काहीच,
कोमट पाण्यात हात बुडवून
नुसती पाहत बसते.
शनिवारी मात्र श्टेफकाकडे जाते,
चादरीचं दुसरं टोक धरायला.
कारण तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जगाचा कान अजून वाकडाच येतो.
येऊ दे.
घंटा झाली.