काळं तेवढं राहू दे

निझव्यात शुक्रवारी बोकडांचा लिलाव आटोपला
की किल्ल्याच्या भिंतीला टेकून काही म्हातारे गोणपाट पसरतात.
त्यावर बिनझाकणाच्या चहादाण्या, बंदुकीचे सुटे घोडे,
नळाच्या तोट्या, कुणाचा तरी चष्मा,
आणि सुऱ्या.

रात्रपाळी उतरून मी थेट तिथेच जाते.
हमूद बिन सैफ मला सिस्टर म्हणतो,
दर मात्र बहिणीचा लावत नाही.

बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात पाती पुढे करतेय.
दहा नंबर, अकरा नंबर, बारीक कामाला पंधरा.
पाकिटातून निघतं, एकदा चिरतं,
पिवळ्या डब्यात पडतं.
त्याला गंजायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून असेल.
नाहीतर कराडच्या शिंप्याची मुलगी,
हिला कशाला हव्यात सुऱ्या?
यावरून घरच्यांनी मला फोनवर चांगलंच धारेवर धरलं.
मी कॅमेरा ओट्याकडे वळवला:
चिंचेच्या कोळात रात्रभर पडलेलं पातं,
जुना टूथब्रश, बाराशेचा पॉलिश पेपर,
वाटीत जवसाचं तेल, मुठीसाठी.
ही मूठ सिद्रची, म्हटलं, म्हणजे आपली बोरच जवळपास.
नवरा म्हणाला, जेवलीस का?

लिसम्मा, माझी खोलीवाली, चिंच संपली की ओरडते.
आत्तापर्यंत एकोणीस झाल्या.
खजुराच्या झावळ्या सोलायची एक, पाठीला बाक आलेली.
मासे कापायची एक, सूरच्या बंदरावरची, अजून वास सोडत नाही.
एकीची मूठ बकऱ्याच्या शिंगाची,
तिला मी अजून हात लावलेला नाही, भीती वाटते.

मागच्या उन्हाळ्यात हमूदने कापडात गुंडाळून एक आणली.
विकायची नाही. वडिलांची. गंज वाढतोय, तेवढा थांबव.

मी थांबवला.
आणि मग थांबले नाही.
तीन रात्री, चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार,
शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर,
पात्यात ओट्यावरचा दिवा दिसेपर्यंत,
दिव्यातली तार दिसेपर्यंत.

त्याने ती उन्हात धरली.
दाढी दिसली त्याला स्वतःची.
मग अंगठ्याने पात्याच्या पाठीवर काहीतरी चाचपलं,
एकदा, पुन्हा एकदा,
अंधारात बटण शोधावं तसं.

इथे होता, म्हणाला.
काय?
तो.

मुठीच्या जरा पुढे, जिथे त्याचा बाप साठ वर्षं
अंगठा टेकवायचा, तिथे काळा डाग होता म्हणे,
अंगठ्याएवढाच.
मी त्याला गंज समजले होते.

पैसे नको म्हटलं. त्याने मोजून दिले.
पाच रियाल, वर दोनशे बैसा.
एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून शिकतेय.
तांबडं खातं, काळं राखतं.
तांबडं सोडवायचं, काळ्यापाशी हात आवरायचा,
आणि तो आवरता येत नाही हो,
हात म्हणतो अजून एकदा, फक्त एकदाच.
थिएटरात डॉक्टर थांब म्हणतात.
ओट्यापाशी कोण म्हणणार?

चार महिने मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाने गेले.

सप्टेंबरात जबल अखदरची डाळिंबं खाली बाजारात आली.
हमूदनेच हाक मारली.
मांडीवर फडकं, हातात तीच सुरी,
डाळिंब फोडत होता. बाजूला लिंबाच्या साली,
अर्धा आंबट आंबा, कुठून मिळाला देव जाणे.
पातं पुसून त्याने पुढे केलं.
आरसा विझला होता.
मुठीच्या जरा पुढे निळसर, ढगाळ काहीतरी
नुकतं धरू लागलेलं,
अंगठ्याएवढं नव्हे, नखाएवढं.

बघ, म्हणाला, येतोय.

मी ओंजळीत दाणे घेतले.
गोणपाटावर एक गंजकी कात्री होती, शिंप्याची, जड.
उचलून विचारलं, कितीला?
सिस्टरसाठी, तो म्हणाला, आठ.
सहाच्या वर एक बैसा घेऊ नये, अशी कात्री ती.