एव्योन

काळ्या दगडांच्या कोकाबा गावात
खेचरावरून एक लिहिणारा आला.
कानामागे बोरू, गुडघ्यावर पाटी.
तुमच्या पंथाचा मूळपुरुष कोण?
आम्ही म्हणालो, लोक आम्हाला एव्योनी म्हणतात.
तो म्हणाला, मग एव्योन नावाचा कुणीतरी असणारच.
बापाचं नाव? गाव? मेला कधी?

जब्दाईनं उरलेले दोन दात दाखवले.
"एव्योन ना? सकाळी जात्यावर होता.
उन्हं चढली तसा विहिरीवर गेला.
काल रात्री हनामेलच्या ओट्यावर निजला
उसनं पांघरूण घेऊन."
बोरू भराभर चालला.

तिर्सा कणीक मळत होती.
"पाहुण्याची थट्टा नको," म्हणाली,
आणि कणकेतले हात न काढताच सांगू लागली:
तो माणूस नव्हे, शब्द आहे.
आमच्या जुन्या बोलीत एव्योन म्हणजे दीन,
ज्याच्या गाठीला काही नाही असा.
पण शब्द खरवडला
तर तळाशी आणखी एक अर्थ लागतो,
भांड्याच्या बुडाला खरपूस साय लागते तसा:
ज्याला हवं आहे, तो.
माझ्या पणजीच्या आजीनं
यरुशलेममधलं अंजिराचं शेत विकलं,
पैसे सगळ्यांच्यात टाकले
आणि हे नाव पांघरलं.
तेव्हा ते शिवी नव्हतं.

लिहिणारा म्हणाला, आमच्या नगरात म्हणतात
की तुम्ही बुद्धीनं दरिद्री, म्हणून हे नाव.
तिर्सा म्हणाली, तेही असेल.
कणीक उलटी केली. थापटली.

त्यानं खोडलं काहीच नाही.
मी वाचायला शिकत होते तेव्हा,
त्याच्या खांद्यामागून पाहिलं:
एव्योन, एक पुरुष, पंथाचा संस्थापक.
ओळ सुबक होती, शाई अजून ओली.
आता कुठल्यातरी नगरात
आमचा न झालेला पूर्वज
लोकांच्या शिव्या खात असेल, बिचारा.
त्याला सांगायला हवं होतं कुणीतरी
की इकडे ये, इथे ओटा आहे.

निघताना खेचर अडलं.
ऊन डोक्यावर होतं, त्याची पखाल रिकामी.
ओठांना जीभ लावून तो म्हणाला,
थोडं पाणी हवं होतं.

जब्दाई पुन्हा हसला. आम्हीही.
त्याला वाटलं, त्याच्या उच्चाराला हसतोय.
तिर्सानं मडकं पुढे केलं,
तिच्या बोटांची कणीक
मडक्याच्या काठाला चिकटून राहिली.