शिकवणी

मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला
दोघं येतात, चार जिने चढून.
बूट बाहेर राहतात, मोजे आत येतात,
एका मोज्यातून अंगठा डोकावतो.
पांढरा सदरा, आवळलेला टाय,
छातीवर काळी पाटी : एल्डर.
म्हणजे वडीलधारी, मीच अर्थ सांगितला.
वय वर्षं एकोणीस.
मला हसू आलं तसा सेमिसीही हसला,
फळीवरचे पेले किणकिणले म्हणा ना.

पहिल्याच दिवशी बजावलं :
माझ्या घरात देवाचं काढायचं नाही.
क्रियापदं शिका, फी ठेवा, निघा.
‘हो बाई,’ म्हणाला
आणि वहीत लिहिलं : क्रियापदं.

चहा घेत नाहीत, त्यांच्यात चालत नाही.
माझगावात दोन वर्षं
चहाला नाही म्हणत काढायची!
‘नको’ तो सगळ्यात आधी शिकला,
‘राग मानू नका’ त्याच्या पाठोपाठ.
मी कोकम करते. ते चालतं.

बसवरची पाटी त्याने अक्षर लावत वाचली.
‘बाई, माझ… गाव. कुणाचं?’
वाचेल त्याचं, म्हटलं, आता पुढे वाच.

पहाटे उठतो. बादलीत सदरा खळबळतो,
दोरीवर टाकतो, कॉलर दाबून इस्त्री करतो.
मग दिवसभर चालणं, कधी एकटं नाही,
बोलावतील त्याच घरी.
बोलावणी देवासाठी थोडी,
डिमेलोबाईंच्या गॅस सिलिंडरसाठी जास्त.
तो खांद्यावर टाकतो आणि वर जातो,
मागून ब्रेडन, पुस्तकं घेऊन.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ला ब्रेडन महिनाभर अडला.
त्याच्या भाषेत दोघांना एकच शब्द.
‘आम्ही’त समोरचा नसतो, मी सांगत होते,
‘आपण’मध्ये त्यालाही धरायचं.
सेमिसी ताडकन उभा राहिला,
पंखा! मी ओरडले.
‘बाई, आमच्या बेटावरपण दोन आहेत!
किमाउतोलु. किताउतोलु.’
कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत मी.
दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

जानेवारीत तिकडे वादळ झालं.
आठवड्यातून एकदा घरी फोन असतो त्याचा,
तो लागेना. चार दिवस.
शुक्रवारी तरी अकराला आला,
कॉलर चुरगळलेली.
कशाला आलास रे?
‘बाई, शुक्रवार.’

धडा नेमका भविष्यकाळाचा होता.
मी येईन. तू येशील. ती येईल.
ब्रेडन खिडकीबाहेर गोदीकडे बघत होता.
माझा चहा सायीखाली गार झाला.
वाक्य लिही, म्हटलं, कुठलंही.
मोठ्या मुठीत पेन धरून त्याने लिहिलं :
आम्ही वाट बघू.

शुद्ध होतं. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.
छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी,
बरोबर वाक्याला कधी हात लावला नाही.
लाल पेनाने ‘आम्ही’ खोडलं,
वर लिहिलं : आपण.
त्याने बराच वेळ वही मिटली नाही.
फी टेबलावर ठेवायची राहिली,
मीही मागितली नाही.

रविवारी भर दुपारी
चाळीच्या चौकातून हाक.
वाकून पाहिलं तर एक बूट सुटलेला,
फोन डोक्यावर धरून नाचवत
‘बाई! छप्पर गेली! माणसं आहे!’
सगळ्या मजल्यांवरून डोकी बाहेर.
गेलं, मी वरून ओरडले, छप्पर गेलं!
आणि आहेत म्हण, मूर्खा,
माणसं आहेत.