मागचा डावा

नवतपा लागला की मौद्याकडचे ट्रॅक्टर
दिवसा झोपतात, रात्री निघतात.
सत्तेचाळीस अंशांत लोखंडी सीटवर
माणूस बसत नाही, भाकर शेकते.

म्हणून मे महिन्यात माझ्या शटरसमोर रांग.
वनमाला ऑटो इलेक्ट्रिक, भंडारा रोड.
पाटीवरचं नाव माझंच,
तरी दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं, मिस्त्री कुठं गेले?

शालिक बारापात्रे विचारत नाही.
बोनेट उघडून बाजूला उभा राहतो,
डॉक्टरला लेकराची जीभ दाखवावी तसा.

चार हॅलोजन, पंचावन्न वॉटचे.
दोन पुढे, दोन मागे मडगार्डवर.
काचांवर जळलेल्या पाकोळ्यांची साय.
बॅटरी दमते, म्हणाला, पहाटे स्टार्टर नुसता खोकतो,
आणि नांगर गोट्याला लागला
हे दिसायच्या आधी ऐकू येतं.

हॅलोजन भोळा. प्लस-मायनस उलटं जोडा,
तो पेटणारच.
एलईडीला असलं चालत नाही,
अंधार धरून बसतो.
लाल ते लाल, काळी ते काळी,
नवी रिले, पंधराचा फ्यूज,
आणि अर्थ:
तो मी चेसिसचा रंग खरवडून
चकाकत्या लोखंडावर दात-ओठ खाऊन आवळते.
आयटीआयत निखाडे सर म्हणायचे,
पोरी, निम्मी भानगड ढिल्या अर्थाची असते.

अंधार पडल्यावर बटण दाबलं.
समोरच्या बाभळीचा काटान् काटा वेगळा झाला.
शालिकने दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला,
काढला,
पुन्हा ठेवला.
"थंडीत हात कशावर शेकू मंग?"
हसला. पैसे दिले. गेला.

तिसऱ्या दिवशी आला: रेडिओ खरखरतो.
दिवे लावले की गाणं जातं,
गाणं ऐकायचं तर अंधारात नांगरा.
तारेला काळी फेराइटची कडी अडकवली,
गाणं परत आलं, थोडं नाकात.

आठव्या दिवशी बेबीनंदा आली, त्याची बायको.
मिरच्यांचं पोतं ऑटोत ठेवून,
पदराने मान पुसत.
"लाइट चांगले हायेत बाई.
पन मले आता आमचा टॅक्टर वळखू येत नाई.
आंगनात उभी राह्यली का पाच ठिकानी पांढरं,
सारे सारखे.
परवा घंटाभर एकाकडे पाहून राह्यली होती,
तो हायवेचा ट्रक निघाला.
पयले आमचा मागचा डावा लुकलुकायचा.
पिवळा. धुऱ्यावर वळला का दोनदा.
मंग समजायचं,
मानूस जागा हाय, स्टेरिंगवर झोपला नाई."

मला आठवला तो मागचा डावा.
गंजलेला बोल्ट, त्याखाली अर्थाची तार,
बोट लावलं तरी हलणारी.
केवढ्या तोऱ्यात उपटून
भंगाराच्या टोपलीत फेकला होता मी.

टोपली ओतली. सापडला.
काच पुसली नाही.

शालिकला सांगितलं,
मागे एक पिवळा असला की तासाची खोली नीट कळते.
खोटं होतं. त्याने मान डोलावली,
त्यालाही ते ठाऊक असावं.

एलईडी उतरवून ठेवला, हॅलोजन चढवला,
वायर नवी, फ्यूज बरोबर,
अर्थ चकाकत्या लोखंडावर घट्ट.
मग पाना तसाच हातात.
रस्त्यावरून कोळशाचे डंपर गेले, दोन, तीन.
अर्धा आटा मागे फिरवला.

मडगार्डवर थाप मारली.
लुकलुकला. दोनदा.

"मॅडम," शालिक वाकून पाहत म्हणाला,
"हा ढिला राह्यला वाट्टे."

असू द्या, म्हटलं,
आणि पाना फळीवर त्याच्या जागी ठेवला.